मोसंबी तोलणारा हात

रविवारी सकाळी भालचंद्ररावांनी तीर्थपुरीच्या मळ्यातून आलेली मोसंबी उचलली, मनगटाला झटका देऊन दोनदा तोलली आणि मगच सोलायला घेतली. शरयूचं लक्ष मात्र छापून आलेल्या शोधनिबंधावर होतं. यंत्राच्या हाताला फळं उचलायला शिकवलं बाबांनी, आणि लेखक म्हणून नाव एकट्या नांदापूरकर सरांचं.

"बाबा, तुम्ही फक्त आभारात?"

"विभागप्रमुख आहेत ते. चालायचंच. तू कॉलेजात येऊन काही बोलू नकोस बरं का, शरू. घे, रसाळ निघाली."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच ते हार्ट अटॅकनं गेले.

शोकसभेत नांदापूरकर सर भरभरून बोलले. आपल्या नव्या निबंधाबद्दल जपानपासून जर्मनीपर्यंतचे संशोधक विचारतायत, हेही त्यांनी सांगून घेतलं. सभा संपल्यावर ते पाहुण्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले.

"ह्याचा हात धरून मी स्वतः शिकवलंय. शिकवणारा जसं करील, अगदी तसंच हा करतो."

त्यांनी बटण दाबलं. लोखंडी हातानं मोसंबी उचलली, मनगटाला झटका देऊन दोनदा तोलली आणि मगच टोपलीत ठेवली.

"एवढा एक बिघाड राहिलाय," सर हसले. "कुठून आला, कळत नाही. काढून टाकू."

शरयू पुढे झाली.

"निबंध चोरलात तेव्हा मी गप्प बसले, सर. पण ह्याला हात लावायचा नाही. तुमचा हा बिघाड म्हणजे माझे बाबा आहेत."