फितुराचं पान

दारावर पहारा बसून नऊ दिवस झाले होते. ड्यूकला दगा देऊन नवरा मिलानमधून पळाला आणि टॅरोच्या पत्त्यांची पानं रंगवणारी ओर्सोला मात्र घरात कोंडली गेली. पळून गेलेल्या फितुराला निदान चित्रात तरी उलटं टांगायचं, अशी रीतच होती. पहाऱ्यावरचा सरदार रोज बजावायचा, “तुझ्या पत्त्यांत उलट्या टांगलेल्या माणसाचं पान असतं ना, त्यावर नवऱ्याचा चेहरा हुबेहूब काढ. ते बघून त्याला नाक्यावर धरू, मग तू मोकळी.” ओर्सोलानं सोन्याचा वर्ख चिकटवला, दोर रंगवला, बांधलेला पाय रंगवला. चेहऱ्यापाशी कुंचला थबकला. मग तिनं भिंतीवरचा आरसा उतरवून पुढ्यात ठेवला. सरदारानं पान हातात घेतलं, चेहरा सुलटा दिसावा म्हणून फिरवून धरलं आणि खेकसला, “अगं बये, हा तर तुझाच चेहरा!” ओर्सोला कुंचला धूत म्हणाली, “तो केव्हाच सुटला, सरदारसाहेब. लटकलंय कोण, तेच रंगवलंय.”