पूर्ण दिवसाची अट

मांडवीच्या रेणुकाच्या पाळणाघरात एकच जागा उरली होती. अर्ध्या दिवसाचं मूल न्यायला भरदुपारी कुणी आलं, की झोपलेली बाकीची पोरं उठून भोकाड पसरायची. म्हणून तिने सानवीच्या आईला स्पष्टच सांगितलं, "पूर्ण दिवस ठेवणार असाल, तरच घेते." आई तयार झाली.

चौथ्या दिवशी दुपारी सानवीची आजी, सोनूबाई, दारात हजर! आतापर्यंत नात दुपारची त्यांच्याकडेच झोपायची. रेणुकाने मन घट्ट केलं. "आजी, सानवीला मधेच नेता येणार नाही हां. आत्ताच झोपलीय ती."

"न्यायला कोण आलंय गो?" आत येऊन काखेतली उशी नातीशेजारी टाकत सोनूबाई कुजबुजल्या.



"तिच्याशिवाय माझा डोळा लागत नाही. मला घे अर्ध्या दिवसावर."