बसलं की उठायचं नाही

नाक्यावरच्या बारच्या दाराला कुलूप होतं. सुट्टीची संध्याकाळ, रस्त्यावर माणसांचा पूर, आणि लॉजवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ज्या जागेचं नाव घेतलं, नेमकं तिथेच कुलूप. कप्तानाने ते दोनदा ओढून पाहिलं. उभा जन्म हॉटेलात काढून तो हेडवेटर झाला होता, आणि 'कप्तान' हे नाव त्याला तिथेच चिकटलं होतं. ऐन धंद्याच्या दिवशी टाळं लावतो म्हणजे मालकाचं डोकंच फिरलं असणार, असं त्याचं मत पडलं.

लग्न झाल्यापासून सुट्टीची एकही संध्याकाळ त्याच्या बायकोने नवऱ्यासमोर बसून काढली नव्हती. जग मजा करतं तेव्हा वेटर धावत असतो. यंदा मालकाशी भांडून त्याने रजा मिळवली, तेव्हा तिने एकच अट घातली होती. परगावी जाऊ, म्हणाल तिथे बसू, पण एकदा बसलं की उठायचं नाही. अट उगाच नव्हती. हा गडी लग्नाला पाहुणा म्हणून गेला, तरी थोड्या वेळाने हातात ट्रे घेऊन फिरताना सापडायचा.

मोठ्या रस्त्यावरचे बार त्याला पसंत पडेनात. तिथे पाहुण्यांचा खिसा कापतात, हे तो बाहेरूनच सांगत होता. पाय दुखायला लागल्यावर बायकोने विचारलं, की आता चांदण्यात बसायचं का. तेवढ्यात समोरून दोन माणसं गेली. काळी पँट, झिजून मऊ झालेले बूट, आणि गर्दीतून कुणालाही धक्का न लावता सरकायची ती चाल. कप्तानाचा चेहरा उजळला. ही आपल्यातलीच मंडळी, तो म्हणाला. वेटर स्वतः जिथे प्यायला बसतात ती जागा खरी, हा त्याचा जुना सिद्धांत होता. बायकोचा हात धरून तो त्यांच्यामागे गल्लीत शिरला.

गल्लीच्या टोकाला एक दार उघडं होतं. बोर्ड नव्हता, म्हणून तर कप्तान आणखीच खूश झाला. आत लांबट खोली, जोडून ठेवलेली टेबलं, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या खुर्च्या, आणि माणसं खच्चून भरलेली. एक वयस्कर बाई पुढे आली. तिने कप्तानाच्या बुटांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि खिडकीजवळच्या लहान टेबलाशी दोघांना बसवलं. काय हवं हे न विचारताच दोन ग्लास आणून ठेवले.

कप्तान थक्क होऊन बघत राहिला. असा बार त्याने बघितला नव्हता. आरडाओरडा नाही, कुणाला घाई नाही. एकजण हळू आवाजात काहीतरी सांगायचा, सगळे हसायचे आणि एकदम गप्प व्हायचे. मग ग्लास वर जायचे, भिंतीकडे. भिंतीवर खुंटीला एक पांढरा नॅपकिन टांगला होता, बाकी काही नाही. इथली रीत असेल, असं समजून कप्तानानेही ग्लास उंचावला.

वाढायला मात्र ती बाई एकटीच. ग्लास काठाला धरून उचलत होती, एकाच ग्लासासाठी अख्खी खोली ओलांडत होती. कप्तानाचे हात शिवशिवायला लागले. तो अर्धवट उठला, तशी बायकोने त्याचं मनगट धरलं.

"आज नाही."

तो बसला. मग बोलायलाही लागला. हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बायको हसताना एक भुवई वर नेते, हे त्याला या वयात कळलं. आपलं काय काय बघायचं राहून गेलं, या विचाराने त्याला गलबलून आलं.

आणि नेमका तेव्हाच, फेऱ्या वाचवायला बाईने या वेळी भरून उचललेला ट्रे कलला. कप्तानाने विचार केलाच नाही. एका हाताने त्याने ट्रे खालून तोलून धरला, दुसऱ्या हाताने खुंटीवरचा नॅपकिन ओढला आणि सवयीने मनगटावर टाकला. खोली चिडीचूप झाली. बायकोचा चेहरा पडला. आपलं काहीतरी भलतंच चुकलं, एवढं त्याला कळलं, आणि तो नॅपकिन परत ठेवायला वळला.

"राहू द्या," बाई म्हणाली. "तेही असाच टाकायचे."

मग तिने सावकाश सांगितलं. हा बार नव्हता, तिचं घर होतं. तिचा नवरा नाक्यावरच्या त्या बारमध्ये जन्मभर वेटर होता. आज सकाळीच त्याला स्मशानात पोचवून सगळे परतले होते, आणि मालकाने स्वतःच्या हाताने बारला कुलूप घातलं होतं. कप्तानाचे हात पाहून तिला वाटलं, हा त्यांच्याबरोबरचाच कुणी जुना माणूस असेल.

"सुट्टीच्या संध्याकाळी ते कधी घरी नसायचे," ती म्हणाली. "आज त्यांचा अख्खा बार घरी आला."

कप्तानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून निघावं म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. ती उठली होती. तिने बाईचे खांदे धरले आणि तिला कप्तानाच्या खुर्चीत बसवलं. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, बघताय काय? वाढा सगळ्यांना."

कप्तानाने नॅपकिन मनगटावर नीट केला आणि ट्रे उचलला. त्या संध्याकाळी त्याने जसं वाढलं, तसं कुठल्याही बड्या पाहुण्याला कधी वाढलं नव्हतं. खिडकीजवळ दोघी समोरासमोर बसल्या होत्या. आपापल्या नवऱ्याला काम करताना बघत होत्या.