बिनवासाचा खोका

मी कामाला आहे त्या हाँगकाँगहून गेल्या वर्षी घरी, फिलिपिन्सला, पाठवलेला कपड्यांचा खोका उघडला आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, लिवायला, धाप लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपड्यांना सुगंधी साबण आणि मऊपणासाठीचं ते वासाचं पाणी बंद करा. यंदा मी तिचे नवे फ्रॉक बिनवासाच्या साबणानं धुतले, व्हिनेगरच्या पाण्यातून काढले, कडक उन्हात वाळवले आणि पाठवले.

आज घरून, इलोइलोहून, फोन आला.

"धाप लागतेय का गं?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? फ्रॉक आवडले नाहीत?"

तिच्या आजीनं फोन घेतला. "तुझी लेक म्हणजे ना! मघापासून रिकाम्या खोक्यात डोकं घालून हुंगतेय. म्हणते, धाप लागली तरी चालेल, पण आईला म्हणावं, तुझा वास पाठव."