एक पकड

अडतिशीतला शेषेराव म्हणजे एकेकाळचा उदगीरचा नामांकित कबड्डीपटू. गुडघ्याच्या ऑपरेशननं दीड वर्ष घरी बसलेला. नांदेडच्या संघाचे अनंतराव कराराचा कागद घेऊन आले, पण पेन खिशातच ठेवून म्हणाले, "उद्या लातूरवाल्यांची एक पकड तोडून दाखवा शेषेराव, लगेच सही करू."

गुडघ्याला पट्टी बांधताना बायकोनं, सिंधूनं विचारलं, "अन् तुटली न्हाई तर वो?"

"न्हाई तर न्हाई. कुणी जीव खाऊन धरू तर दे. अजून गडी हाय मी, एवढं तर कळंल."

दुसऱ्या दिवशी चढाईला निघताना त्यानं रेषेची माती कपाळाला लावली. समोर कोपऱ्यात लातूरचा सत्यम होता. त्यानं घोटा धरला की भलेभले सुटत नसत, आणि ती पकड त्याला शेषेरावानंच शिकवलेली. शेषेरावानं मुद्दाम दुखराच पाय पुढं केला. सत्यम वाकला, त्याचे दोन्ही हात घोट्याशी आले. "आता बघा रे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.


सत्यमनं पावलांना हात लावून ते कपाळी टेकवले आणि हळूच म्हणाला, "जावा दादा, सावकाश जावा. गुडघा सांभाळा."