मिटलेले डोळे

पहिला फोटो मशीनमधून बाहेर आला आणि केतकीचा जीव भांड्यात पडला. आईच्या आठवणीतले बाबा कागदावर जसेच्या तसे उतरले होते, हातात रिफ्लेक्टर आणि कपाळावर घाम. चाळीस वर्षं आईने अर्ध्या अकोल्याचे फोटो काढले, पण शेजारी उभं राहून उजेड धरणाऱ्या नवऱ्याचा एकही काढायचं तिला सुचलं नाही. आता ते गेल्याला वर्ष झालं होतं.

आईने फोटो खिडकीपाशी नेला.

"डोळे मिटलेत. अजून एक घेऊ."

"आई, मशीनवाल्याने काय बजावलंय? एका चेहऱ्याचा एकच फोटो. दुसरा घेतला तर तो चेहरा डोक्यातून पुसला जातो."

"मिटल्या डोळ्यांचा फोटो मी आजवर कुणाला दिला नाही. तुझ्या बाबांचा तेवढा देऊ?"

"मला हा चालेल."

"मला नाही चालत."

केतकी आईचं मनगट धरायला धावली, तोवर आईने डोक्याला पट्टा लावून बटण दाबलंही होतं. मशीन बराच वेळ घुमत राहिलं.

दुसऱ्या फोटोत बाबांचे डोळे उघडे होते आणि ओठांवर हसू नुकतं उमटत होतं. आईने तो उजेडात धरून निरखला.

"सुरेख आलाय," ती म्हणाली.

केतकीने रोखलेला श्वास सोडला. मग प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो करायची तसा आईने तो उलटा केला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"नाव काय लिहू यांचं?"