टायर बसेना
इराने तिसऱ्यांदा पंप मारला, तरी माउंटन बाइकचं टायर रिमवर नीट बसेना. एका जागी ते आत दबलेलंच राहत होतं.

"बाबा, कुठे चुकतंय?"

व्हीलचेअरवर बसलेल्या श्रीकरला इलाज ठाऊक होता. पण याच सायकलवरून दोन वर्षांपूर्वी तो यवतेश्वर घाटाच्या उतारावर पडला होता आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला होता. "टायरच खराब आहे. नाद सोड," तो म्हणाला.

"मग अशीच नेते. मैत्रिणी घाटात थांबल्यात."

श्रीकरने त्या दबलेल्या जागेकडे पाहिलं. असं टायर उतारावर हमखास निसटणार. गप्प राहावं तरी भीती, बोलावं तरी भीती.

"थांब," तो अखेर म्हणाला. "साबणाचं पाणी आण."

त्याने स्वतः टायरच्या कडेला फेस चोळला. इराने पुन्हा हवा भरली. टक्‌कन आवाज झाला आणि टायर सगळीकडून सारखं बसलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने हातांवरचा फेस पुसला. ती हेल्मेट चढवून निघाली.

"उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस!" फाटकापाशी येऊन तो ओरडला.

"हो, बाबा!" वळणापलीकडून आवाज आला. मग नुसता रस्ता उरला. तिची वाट बघत तो फाटकातच बसून राहिला.